नेक्स्ट, नेक्स्ट आणि शनीची कडी

मुलाकडच्यांनी मुलगी बघायची आणि मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायचं, अशी आमच्याकडं पद्धत आहे. माझ्या वेळी मुलीकडचे माझा कॉम्प्युटर बघायला आले होते.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. नगरला राहून मी कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा केला होता आणि पाथर्डीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीवर 'विलास कॉम्प्युटर्स' असा बोर्ड लावला होता. (आत कॉम्प्युटर एकच होता, पण बोर्ड लांब घेतला होता.) त्या खोलीत चपला घालून यायला बंदी, उदबत्ती लावायला बंदी, आणि मशीनला हात लावायला तर माझ्याशिवाय सगळ्यांना बंदी. गावातले लोक मला 'इंजिनिअर' म्हणायला लागले होते आणि मीही कुणाला दुरुस्त करत नव्हतो.

माझे वडील, अण्णा, तहसील कचेरीच्या आवारात बाँड रायटर होते. लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं लिहून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यामुळं त्यांना एक खोड जडली होती. छापलेलं काहीही पूर्ण वाचल्याशिवाय ते हातावेगळं करत नसत. बल्ब आणला तर खोक्याच्या चारी बाजू वाचून झाल्यावरच तो लागायचा, तोवर आम्ही अंधारात. आणि लिहून उरलेली कोरी जागा दिसली की तिच्यावर तिरकी रेघ! मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. माझ्या शाळेच्या वह्यांवरही त्यांनी अशा रेघा ओढल्या होत्या आणि त्यापायी मी वर्गात मार खाल्ला होता.

तर स्थळ शेवगावचं होतं. मुलीचे वडील हायस्कूलचे मुख्याध्यापक, विषय विज्ञान. मुलगी सुरेखा, बी.एस्सी. झालेली. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही काय वाचता?" मी म्हणालो, "सगळं." ती हसली आणि मी तिथंच कामातून गेलो. परतीच्या एसटीत पाथर्डी येईपर्यंत माझा संसार मनातल्या मनात दोन मुलांपर्यंत पोचला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढं एकच मागणं मी त्या दिवसांत देवाकडं करत होतो.

आठवड्यानं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. 'रविवारी घर बघायला येत आहे. सुरेखालाही आणतो, संसार तिला करायचा आहे. विलासराव इंटरनेट जाणतात असे कळले. शनीची कडी बघण्याची फार वर्षांची इच्छा आहे, तेवढी दाखवावीत.'

आईनं ऐकून कपाळाला हात लावला. "लग्नाची बोलनी चालल्यात आन तू शनी घरात बोलावतुस? शिंगनापूर हाय की जवळ. तिथंच जाऊन बघा म्हनावं."

"आई, हा आकाशातला शनी."

"मंग तिथं काय दुसरा बसलाय व्हय?"

शनिवारी दुपारी (वार मी निवडला नव्हता) मी रंगीत तालीम घेतली. तेव्हा इंटरनेट म्हणजे नगरचा नंबर फिरवायचा, मॉडेमचं किंचाळणं ऐकायचं आणि लाइन लागली तर लागली. शनीचं चित्र वरून खाली रेघेरेघेनं उतरायला लागलं. वीस मिनिटांत अर्धा शनी आला आणि लाइन तुटली. अर्ध्या शनीवर लग्न कसं ठरणार? तेवढ्यात मला एका इंग्रजी मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी आठवली. तिच्यावर एक प्रोग्रॅम होता, 'तुमच्या इंटरनेटचा वेग दुप्पट' करणारा. मी सीडी घातली. पडद्यावर बारीक अक्षरांचं भलंमोठं पान आलं.

"काय लिवलंय त्यात?" अण्णा पाठीमागं येऊन उभे राहिले होते.

"काही नाही, अटी असतात."

"मंग वाच की."

"अण्णा, हे जगात कुणी वाचत नाही."

"मंग लिवलं कुनासाठी?"

मी नेक्स्ट दाबलं. पुन्हा नेक्स्ट. सहा वेळा नेक्स्ट करून शेवटी 'आय ॲग्री'. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. वेग होता तेवढाच होता. बाकी मात्र बरंच काही आलं होतं. इंटरनेटच्या खिडकीत वरून बटणांच्या चार पट्ट्या बसल्या होत्या आणि उरलेल्या जगासाठी चार बोटं जागा शिल्लक होती. खालच्या कोपऱ्यात एक हिरवा पोपट बसून दर पाच मिनिटांनी "हॅलो फ्रेंड" म्हणत होता. आणि उघडल्या उघडल्या जे पहिलं पान यायचं, त्या जागी आता परदेशातला एक जुगाराचा अड्डा होता. त्यात अगदी काटकसरीनं कपडे घातलेली एक गोरी बाई पत्ते पिसत होती.

मी पहिलं पान बदललं. बाई गेली. मशीन बंद करून चालू केलं. बाई आली. मग मी पडद्यावरची त्यांची सगळी चित्रं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली, डबा रिकामा केला आणि आईला मोठ्या आवाजात सांगितलं, "गेलं सगळं!"

"हॅलो फ्रेंड," पोपट म्हणाला.

आईनं आतून टॉवेल आणून पडद्यावर टाकला. "थंडी वाजत आसंल तिला," ती म्हणाली.

मग मी डिप्लोमाधारकाला शोभेल असा विचार केला. त्याच सीडीवर 'नको असलेलं सारं साफ करा' असा दुसरा एक प्रोग्रॅम होता. तो घातला.

"ह्ये तरी वाचलंस का?" अण्णांनी विचारलं.

"आत्ता घाई आहे, अण्णा."

"घाईतच वाचायचं आसतं."

नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. या सफाईवाल्यानं आल्या आल्या स्वतःची पाचवी पट्टी बसवली. शिवाय 'तुमचं आजचं भविष्य' सांगणारं एक इंग्रजी पान आणलं, ते आता बाईच्याही आधी उघडायला लागलं. (ही पानं सीडीवरूनच मशीनमध्ये उतरली होती, त्यांना नगरचा नंबर लागत नव्हता.) बाई आणि पोपट जागच्या जागी होते. संध्याकाळी मी हात टेकले आणि ठरवलं की उद्या सरळ फोन बंद आहे म्हणून सांगायचं.

रविवारी दहाच्या एसटीनं मुख्याध्यापक आणि सुरेखा आले. पोहे झाले, घर बघून झालं, मोरीचा उतारसुद्धा बघून झाला. मग मुख्याध्यापक हात पुसत म्हणाले, "चला विलासराव, कडी दाखवा."

मी तोंड पाडून म्हणालो, "काय सांगू सर, कालपासून फोनच मेलाय."

आणि फोन वाजला. आईनं उचलला, ऐकला आणि सगळ्यांना सांगितलं, "शेवगाववरनं सुरेखाच्या आई हायत. पोचले का इचारत्यात."

मी टॉवेल काढला. मशीन चालू केलं. आधी भविष्य आलं. मुख्याध्यापकांनी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "आज एखादी लबाडी उघडकीस येईल." मग बाई आली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बाई होती तशीच होती.

"विलासराव, हा कोणता ग्रह?"

"हॅलो फ्रेंड," पोपट म्हणाला.

"हॅलो," मुख्याध्यापक म्हणाले. पोरांच्या नमस्काराला उत्तर द्यायची जन्माची सवय!

"सर, हे आपोआप आलंय," मी म्हणालो.

"रोज येतं का?" सुरेखानं विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. ती त्या क्षणी उठून गेली असती तर मी तिथंच रडलो असतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तेवढ्यात दारातून अण्णा म्हणाले, "इलास, मूळ कागद काढ."

"कसला कागद?"

"ज्याच्यावर तू काल व्हय म्हनलास त्यो."

मी सीडी पुन्हा घालून ते बारीक अक्षरांचं पान उघडलं. अण्णांनी खुर्ची ओढली, मुख्याध्यापकांसाठी दुसरी ओढली, आणि कानामागची लाल पेन्सिल हातात घेतली. "पावनं, इंग्रजी तुमी सांगा, कलमं मी बघतो."

दीड तास ते दोघं वाचत होते. मी मधे उभा होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. मुख्याध्यापक एकेक वाक्य मराठीत करून सांगायचे आणि अण्णा मान डोलवायचे. एका जागी तर ते कौतुकानं म्हणाले, "ह्ये कलम बेस बांधलंय. लबाड हाय, पन लिवनारा हुशार हाय." चौथ्या पानावर ते थबकले. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या पाच चौकटी होत्या आणि पाचही चौकटींत बरोबरच्या खुणा.

"ह्या खुना तू केल्यास?"

"नाही. त्या आधीपासूनच होत्या."

अण्णांनी चष्मा काढला. "सहीच्या आधी दुसऱ्यानंच खुना करून ठिवल्या, आन तू खाली अंगठा दिलास?"

"अंगठा नाही, 'आय ॲग्री' दाबलं."

"त्योच अंगठा."

पहिल्या चौकटीत पट्ट्या होत्या, दुसरीत पोपट, तिसरीत बाईचं पान. चौथीत असं कबूल केलेलं होतं की मशीन चालू होईल तेव्हा या सगळ्यांनी आपोआप हजर व्हावं. बाई पुन्हा पुन्हा का येत होती ते मला तेव्हा कळलं. पाचवीत यांचे आणखी भाऊबंद मागाहून आणायची परवानगी होती. सफाईवाल्याच्या अटीही वाचून झाल्या. तोही यांच्यातलाच निघाला. अण्णांनी सगळ्यांची नावं एका कागदावर लिहिली आणि मला म्हणाले, "आता ह्यांना नावानिशी भायेर काढायचं. चित्रं फाडून मानूस मरत न्हाई."

मशीनमध्ये काय काय बसवलंय त्याची एक यादी असते आणि तिथूनच प्रोग्रॅम मुळासकट काढता येतो. मला हे डिप्लोमात शिकवलं होतं. मी यादी उघडली, पहिलं नाव निवडलं आणि काढ म्हणून सांगितलं. लगेच प्रश्न आला आणि त्याखाली दोन बटणं, एक मोठं ठळक आणि एक बारीक फिकट. माझं बोट मोठ्याकडं निघालंसुद्धा होतं.

"थांबा," सुरेखा म्हणाली. "मोठ्यावर 'राहू द्या' लिहिलंय."

तिनं माझ्या हाताखालून माऊस काढून घेतला. माझ्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही हा कायदा तिथं संपला. ती प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत वाचायची, बारीक बटण शोधून दाबायची, आणि अण्णा कागदावरच्या नावावर लाल काट मारायचे. पोपटानं जाताना "आर यू शुअर, फ्रेंड?" असं तीनदा विचारलं. आईला वाईट वाटलं. "त्यो राह्यला आसता तर काय हुतं," ती म्हणाली. अण्णांनी मशीन तीन वेळा बंद-चालू करायला लावलं. तिन्ही वेळा कुणी आलं नाही.

मग नगरचा नंबर फिरवला. चित्र त्याच जुन्या वेगानं, रेघेरेघेनं उतरायला लागलं. पंधरा मिनिटांनी कडी दिसायला लागली, आणि लाइन तुटली नाही. पूर्ण शनी पडद्यावर आला तेव्हा मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "तीस वर्षं खडूनं काढतोय." त्यांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. मलाही भरून आलं. पण तेवढ्यात आई तेलाची वाटी घेऊन आली आणि मला धावत जाऊन मॉनिटरपुढं आडवं व्हावं लागलं.

निघताना मुख्याध्यापक अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलाचं काय ते हळूहळू होईल. पण या घरात वाचून सही करतात. मुलगी द्यायला माझी ना नाही." या घरात मी धरलेला नव्हतो हे मला कळलं, पण आनंद इतका झाला होता की मी तक्रार केली नाही.

पंधरा दिवसांनी शेवगावला सुपारी फुटली. आमच्याकडं त्या वेळी यादी करतात. मांडव कुणी घालायचा, जेवण कुणाकडं, मानपान कुणाचे, सगळं कलमवार लिहून दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या. लिहायला अर्थातच अण्णा बसले. मधेच सुरेखा येऊन त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि अण्णा गालात हसले. सून-सासऱ्याचं आत्तापासून किती जमतं म्हणून मी सुखावलो. कागद माझ्यापुढं आला. फोटोग्राफर तयारच होता.

"वाचलंस का?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही लिहिलेलं काय वाचायचं?" असं म्हणून मी झोकात सही ठोकली.

मग मुख्याध्यापकांनी यादी सर्वांसमोर वाचून दाखवली. पाच कलमं झाली आणि ते घसा साफ करून म्हणाले, "कलम सहा. सदर वर विलास हा लग्नानंतर रोज सकाळी घरातील सर्व मंडळींचा चहा स्वतःच्या हाताने करील, व त्याबाबत त्याची किंवा त्याच्या वारसांची कोणतीही तक्रार चालणार नाही." पुढचं सगळं हशात बुडालं.

पंचवीस वर्षं होऊन गेली, रोज पावणेसहाला उठून मी आधण ठेवतो. कागद सुरेखाच्या कपाटात आहे. त्यात सातवं कलमही आहे म्हणे. मी अजून वाचलेलं नाही.