लेबलावर नसलेले चार अनुस्वार

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की थोडे अवघडल्यासारखे होते. कारण तपासाचे पहिले दहा दिवस मी चुकीच्या माणसाच्या मागे होतो. शेवट बरोबर झाला, सुरुवात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नावे कुणाची देणार नाही, गावाचेही नाही. इंग्लंडच्या मध्य भागात, कालव्याच्या काठी वसलेले एक गाव, एवढे पुरे. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते, आणि अशा माणसाला वरिष्ठ सहसा चोरीमारीच्या किरकोळ फायली देतात. ही त्यातलीच एक.

त्या भागात एके काळी गावोगावी ब्रुअरी होती. तिथल्या विहिरींच्या पाण्यात असे क्षार आहेत की बीअर स्वच्छ आणि कडवट उतरते. पुढे मोठ्या कंपन्यांनी लहान ब्रुअऱ्या विकत घेतल्या, त्यांचे पब स्वतःकडे ठेवले आणि ब्रुअऱ्यांना कुलपे लावली. आमच्या गावच्या ब्रुअरीचेही तेच झाले. मागे राहिले ते विटांचे धुराडे, एक ओसाड आवार आणि स्वयंसेवकांनी चालवलेले दोन खोल्यांचे म्युझियम. मी स्वतः बीअर पीत नाही. त्यामुळे ही सगळी माहिती मला त्या केसपायीच मिळाली.

एका सोमवारी सकाळी पोलिसांच्या १०१ क्रमांकावर निनावी फोन आला. म्युझियममधले एक जुने पुस्तक चोरीला गेले आहे आणि ते अमुक वृद्ध स्वयंसेवकाच्या घरी आहे, असे फोन करणाऱ्याने सांगितले. पुस्तकाचा म्युझियमच्या यादीतला क्रमांकही त्याने दिला. फोन घेणाऱ्या मुलीने तो जसाच्या तसा टिपून ठेवला होता. मी ती नोंद वाचली आणि पुढे गेलो. ही माझी पहिली चूक.

म्युझियमच्या व्यवस्थापक बाईंनी कपाट उघडून पाहिले तर पुस्तक खरोखर जागेवर नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी ब्रुअरीतून रोज कोणती पिंपे कुठे रवाना झाली, याची ती नोंदवही होती. कपाटाची किल्ली दोघांकडे असे. एक बाईंकडे, दुसरी त्या वृद्ध स्वयंसेवकाकडे. तो पूर्वी ह्याच ब्रुअरीत कूपर होता, म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा कारागीर. वय ऐंशीच्या पुढे. धातूची पिंपे आली तेव्हा त्याचे काम गेले, नंतर ब्रुअरीही गेली. वीस वर्षे तो म्युझियममधल्या जुन्या पिंपांची देखभाल करत होता. बाई म्हणाल्या की माणूस प्रामाणिक, पण अलीकडे फार कटकट करतो. मी टिपणवहीत ‘हेतू: नाराजी’ असे लिहिले आणि बाईंना त्याची किल्ली काढून घ्यायला सांगितले.

म्हाताऱ्याला जबाबासाठी ठाण्यात बोलावले. अटक नव्हती, पण रेकॉर्डिंग चालू होते, शेजारी वकील होता आणि त्याचे हक्क मी त्याला वाचून दाखवले होते. वकिलाने गप्प राहायचा सल्ला दिला असावा, कारण तो चाळीस मिनिटे टेबलाकडे बघत बसला. हात मात्र लपवले नव्हते. डाव्या हाताची दोन बोटे वाकडी होती. शेवटी मी रेकॉर्डिंग थांबवायला लागलो तेव्हा तो बोलला.

“पुस्तक सुरक्षित आहे. ते तुम्हाला दिलं तर तुम्ही नियमाप्रमाणे म्युझियमला परत द्याल. आणि मग ते कुणालाच दिसणार नाही.”

का, असे विचारले तर त्याने टोपी उचलली. मी त्याला हटवादी ठरवले. इन्स्पेक्टर झडतीचे वॉरंट घ्यायला सांगत होते. मी म्हटले, आधी म्युझियमच्या बाकीच्या लोकांशी बोलतो.

बाकीच्यांत सगळ्यात मोठा माणूस म्हणजे ब्रुअरीचा नवा मालक. पंचेचाळिशीचा, लंडनहून आलेला. जुने आवार विकत घेऊन त्याने तिथे पुन्हा बीअर करायला सुरुवात केली होती. उरलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी त्याने ऐतिहासिक वास्तूंना मिळणाऱ्या अनुदानाचा अर्ज केला होता, आणि ते मिळाले की म्युझियमला एक नवे दालन बांधून देणार होता. त्याने माझे हसून स्वागत केले, कॉफी विचारली, सगळे आवार दाखवले. पोलिसी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो: ज्याच्यावर खोटा आळ येतो तो बहुधा तुसडेपणाने वागतो, आणि ज्याला काही लपवायचे असते तो पाहुणचार करतो. शिकलो होतो, पण त्या दिवशी मला ते आठवले नाही.

कारण त्याने मला भिंतीवरची एक चौकट दाखवली. काचेमागे पिवळे पडलेले बीअरचे लेबल होते, आणि त्यावर इंग्रजीखाली चक्क मराठी. आमची बीअर दीडशे वर्षांपूर्वी मुंबईला जात होती, त्याचा हा पुरावा, असे तो म्हणाला. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात सापडला. माझे आडनाव त्याने आधीच पाहून ठेवले होते. वाचून दाखवा ना, अशी विनंती त्याने केली. मी मोठ्याने वाचले:

“मुंबईतील ग्राहकांसाठी खास. उघडण्यापूर्वी बाटली थंड जागी ठेवावी.”

चाळीस वर्षे ज्या भागात राहिलो, तिथल्या एका भिंतीवर माझी भाषा होती. मला फार बरे वाटले. त्याने टाळ्या वाजवल्या, मीही हसलो. निघताना त्याने म्हाताऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि म्हणाला की वय झाले की माणसे वस्तूंना आपले समजू लागतात.

गाडीत बसल्यावर काहीतरी खटकत राहिले. मी त्या ओळी अडखळल्याशिवाय वाचल्या होत्या. जसे मी स्वतः लिहिले असते, तसेच ते लिहिलेले होते.

माझे वडील इंग्लंडला येण्याआधी कोल्हापुरात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. इथे त्यांनी टपालाची पत्रे वेगळी करण्याचे काम केले, पण नजर मुद्रितशोधकाचीच राहिली. मी अकरा वर्षांचा असताना आलो. माझे मराठी सुटू नये म्हणून ते दर रविवारी मला जुनी पुस्तके वाचायला लावत. त्यांत शब्दाशब्दावर असे अनुस्वार असत, ज्यांचा उच्चार कुणीच करत नसे. ‘साठीं’, ‘पूर्वीं’, ‘जागीं’. मी वैतागून विचारायचो की बोलायचे नाही तर लिहायचे कशाला. पुढे शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि ते अनुस्वार गेले. पण ते बदलले विसाव्या शतकात, वडील कामाला लागल्यानंतर.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून टिपणवहीत त्या ओळी जुन्या पद्धतीने लिहून काढल्या. ‘मुंबईंतील’, ‘ग्राहकांसाठीं’, ‘उघडण्यापूर्वीं’, ‘जागीं’. दोन ओळींत चार अनुस्वार हवे होते. लेबलावर त्यांतला एकही नव्हता. एखादा राहून जाऊ शकतो, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक होऊ शकते. चारही जागी नेमकी आजची पद्धत पाळणारा जुळारी दीडशे वर्षांपूर्वी असू शकत नाही.

हे कळल्यावर बाकीची फाईल मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेव्हा निनावी फोनमधला यादीचा क्रमांक डोळ्यांत भरला. बाईंना विचारले तर त्यांनी सांगितले की सगळ्या वस्तूंना नवे क्रमांक देऊन महिनाही झाला नव्हता, आणि नवी यादी त्यांनी फक्त एका माणसाला पाठवली होती. नव्या मालकाला. पुस्तके स्कॅन करून देतो, असे तो म्हणाला होता. हरवलेली नोंदवही त्याच आठवड्यात त्याच्याकडे जायची होती. आधीचे एक पुस्तक तो स्कॅन करून परत घेऊन आला होता. ते मी मागवून पाहिले. मधली चार पाने शिवणीपाशी कापलेली होती. बाईंचा चेहरा उतरला. म्हाताऱ्याची कटकट नेमकी ह्याच पानांबद्दल होती, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

अनुस्वारांचे माझे ज्ञान कोर्टात चालणारे नव्हते. तपास करणारा अधिकारी स्वतःच तज्ज्ञ होऊ शकत नाही. मी वरिष्ठांना कळवले, विद्यापीठातल्या जाणकाराकडून लेखी मत मागवले, फोनच्या नोंदींसाठी रीतसर अर्ज केला. आणि मग एक साधा प्रश्न स्वतःला विचारला: इंग्लंडच्या मध्यावर बसलेल्या गोऱ्या माणसाला मराठीत दोन ओळी हव्या असतील तर तो कुठे जाईल? तो इंटरनेटवर शोधेल आणि त्याला एखादे महाराष्ट्र मंडळ सापडेल.

तिसऱ्या फोनला मिल्टन कीन्सच्या मंडळाच्या चिटणीस बाई सापडल्या. त्या म्हणाल्या, हो, आला होता की असा ईमेल, आठेक महिने झाले; मी तो आमच्या एका मेंबरला फॉरवर्ड केला. तो मेंबर पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनियर होता आणि एव्हाना ब्रॅकनेलला नोकरी बदलून गेला होता. मी त्याच्या ऑफिसात न जाता घरी गेलो. ऑफिसात पोलीस आले की माणूस निर्दोष असला तरी वर्षभर खुलासे देत बसतो.

दार उघडल्यावर माझे ओळखपत्र पाहून त्याचा रंग उडाला. मी मराठीत बोललो तरी तो सावरला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने सगळे सांगितले.

“सर, मला वाटलं न्यू प्रॉडक्टचं पॅकेजिंग आहे. ऑथेंटिक मराठी हवंय, एवढंच मेलमध्ये होतं. मी लंच ब्रेकमध्ये दोन लाइन्स टाइप केल्या आणि पाठवल्या. माझ्या व्हिसाला काही होणार नाही ना? पुढच्या महिन्यात परमनंट रेसिडेन्सचं अप्लिकेशन करायचंय.”

“तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही,” मी म्हटले. “साक्षीदाराने जबाब दिला म्हणून व्हिसा अडत नाही. मेल ठेवलेत का?”

मेल पुसून टाकणे त्याला त्या क्षणी अगदी सोपे होते, आणि ते त्याच्या मनात येऊन गेलेले मला दिसले. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मालकाचा दुसरा मेल पहिल्यापेक्षा कामाचा निघाला. त्यात त्याने विचारले होते की जुन्या छपाईसारखी, जरा झिजलेली दिसणारी मराठी अक्षरे कुठे मिळतील. मी तिथेच त्याचा जबाब लिहून घेतला.

मालकाला आम्ही एका सकाळी अटक केली. चौकशीत पहिला अर्धा तास मी त्याला बोलू दिले. डबा कसा सापडला, झाकण कसे गंजले होते, लेबल हातात घेताना त्याचे डोळे कसे भरून आले. खोटे बोलणाऱ्याला अडवू नये. तो स्वतःच तपशील पुरवत जातो. त्याचे संपल्यावर मी विद्यापीठाचे मत समोर ठेवले, मग तो निनावी फोन त्याचाच असल्याच्या नोंदी, शेवटी तो दुसरा मेल. त्याने वकिलाकडे पाहिले. वकील कागदाकडे पाहत होता.

“प्रत्येक बीअरमागे एक गोष्ट लागते,” तो म्हणाला. “मी कुणाचं काय नुकसान केलं?”

मी म्हटले, “त्या गोष्टीसाठी तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवलंत.”

रवानगीच्या नोंदवहीवरून मालकाचे पितळ उघडे पडणार होते. म्हातारा पबमध्ये उघड सांगत होता की इथून एक पिंपही हिंदुस्थानला गेले नाही आणि ते दाखवणारी वही आपल्या घरी जपून ठेवली आहे. त्याचा शब्द पाडायचा तर त्याला चोर ठरवणे सोयीचे होते, आणि पोलिसांकडून वही परत मिळाली की तीही हाताशी येणार होती. म्हणजे त्याने मलाच कामाला लावले होते. अनुदानाच्या अर्जात खोटे लेबल जोडल्याबद्दल फसवणुकीचा खटला झाला. त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंगात गेला नाही, शिक्षा निलंबित झाली. अनुदान गेले आणि गावातले नावही गेले.

म्हाताऱ्याची फाईल बंद केल्याचे पत्र पोस्टाने पाठवता आले असते. मी स्वतः गेलो आणि त्याची कपाटाची किल्ली घेऊन गेलो. माझी चूक झाली, असे त्याला सांगितले. त्याने मान हलवली आणि चहा ठेवला. मग वरच्या खोलीतून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली नोंदवही आणली. ती म्युझियमला न देता जिल्ह्याच्या अभिलेखागारात ठेवायची, असे बाईंशी ठरलेच होते. मी पाने उलटली. कालव्यावरचे धक्के, कोळशाच्या खाणी, कापणीच्या दिवसांत शेतांवर पाठवलेली पिंपे. प्रत्येक खेपेसमोर पिंप तपासणाऱ्या कूपरची सही होती, आणि पानामागून पान आडनाव त्या म्हाताऱ्याचेच होते. हे त्याने ठाण्यात सांगितले असते तर मी कदाचित लवकर थांबलो असतो. का नाही सांगितले, असे मी विचारले.

“तुम्ही म्हणाला असतात, घरची वस्तू म्हणून नेली.”

ते खरे होते. मी तसेच म्हटले असते.

या केसने मला जे शिकवले ते मी पुढे नव्या अधिकाऱ्यांनाही सांगत आलो. खोटा पुरावा धाक घालून गळी उतरवला जात नाही. तो आपल्याला हवेसे काहीतरी देतो. त्या लेबलाने म्युझियमला दालन देऊ केले, गावाला मुंबईपर्यंतची कीर्ती दिली, आणि मला भिंतीवर माझी भाषा दिली. म्हणून इतक्या लोकांनी ते पाहूनही कुणी तपासले नाही. जो कागद पाहून आपल्याला बरे वाटते, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा.

पुढच्या वसंतात अभिलेखागारात जिल्ह्यातल्या जुन्या ब्रुअऱ्यांवर एक छोटा कार्यक्रम झाला. म्हाताऱ्याला बोलायला बोलावले होते आणि तो कोट घालून आला होता. एकाने विचारले, मग आपली बीअर काही फार नावाजलेली नव्हती तर?

“घोडा सकाळी निघून संध्याकाळी घरी येईल, तेवढ्याच अंतरापर्यंत ती जायची,” तो म्हणाला. “तेवढ्या टापूत राहणाऱ्यांना दुसरीकडची कधी मागवावी लागली नाही.”

आणि त्याने नोंदवहीचे पुढचे पान उघडून वाचायला सुरुवात केली.