सेथ बूथ कुठल्या बाजूला आहे

हेडिंग्लेच्या आमच्या मैदानाला दोन अंगं. एकीकडे उन्हाळ्यात क्रिकेट, दुसरीकडे हिवाळ्यात रग्बी, आणि मधे दोन्हीकडे तोंड असलेला एकच स्टँड. आधीचा लाकडी स्टँड रग्बीचा सामना चालू असतानाच जळाला, तेव्हा क्लेम हॉलरॉइडचे वडील मैदानात होते. धूर दिसला तरी शेजारचा माणूस उठेना, म्हणाला, आधी हा डाव बघू दे. असं ते सांगत; खरंखोटं तेच जाणोत.

क्लेम नव्या स्टँडच्या सावलीत वाढला आणि तिथंच नोकरीला लागला. हिवाळ्यात रग्बीच्या रेघा मारायच्या, उन्हाळ्यात क्रिकेटच्या बाजूला रोलर ओढायचा. मी तिकिटाच्या फाटकावर होतो. लिहिणं हा माझा प्रांत नाही, पण क्लेमवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. उंच, जरा वाकलेला माणूस. गवतावरून चालतानाही गवताची माफी मागतोय असा चालायचा. कुणाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि घोळ झाला तो त्यातूनच.

त्याचा शेजारी सेथ बूथ शिवणाच्या कारखान्यात कापड कापायचा. रग्बीचा एक सामना त्यानं चुकवला नाही. क्रिकेटचं नाव काढलं की म्हणायचा, "चहा प्यायला थांबतात, तो कसला खेळ?" थंडी त्याला भलतीच वाजायची, जूनमध्येही अंगात दोन बंड्या. तो वारला, आणि जुलैत त्याची बायको, नेली, बाजारच्या पिशवीत त्याची राख घेऊन माझ्या फाटकाशी आली. क्लेम तिथंच उभा होता.

"क्लेम, याला रग्बीच्या गोलखांबांसमोर ठेव रे," ती म्हणाली. "तिथं खाली विजेच्या तारा पुरल्यात ना? थंडीत उबेला राहील."

तारा खऱ्याच होत्या. जमीन गोठून सामने बुडू नयेत म्हणून रग्बीच्या हिरवळीखाली त्या घातल्या होत्या. पण राखेनं गवत जळतं म्हणून आमचा मोठा माळी असल्या कामाला साफ नाही म्हणायचा.

"मी बघतो," क्लेम म्हणाला.

आत गेला तर रग्बीची सगळी हिरवळ उकरलेली, आणि मोठा माळी स्वतः बी पेरत उभा. बाहेर नेली रुमाल डोळ्यांना लावून थांबलेली. पिशवी तशीच परत ने म्हणायला क्लेमची जीभ उचलेना. तो स्टँडखालच्या बोळातून क्रिकेटच्या बाजूला गेला, सीमारेषेबाहेर रोलर उभा असतो त्या कोपऱ्यात सेथला रिकामं केलं आणि बाहेर आला.

"खांबांसमोर ठेवलास?"

"ठेवला."

हिवाळ्यात नेली सामन्याला येऊ लागली. गर्दी पांगली की कठड्याशी जायची, मटण भरलेली पेस्ट्री मोडून अर्धी स्वतः खायची, अर्धी कठड्यावर ठेवायची आणि खांबांकडे बघून बोलत बसायची. छत गळतंय, बहिणीनं पुन्हा भांडण काढलं, असलं काहीबाही. क्लेम मागे झाडू मारत असायचा.

"क्लेम, तारा चालू केल्यात ना रे? काल नळाचं पाणी गोठलं होतं."

"केल्यात."

ते खरं होतं, म्हणून त्याला जास्त लागायचं. कडाक्याची थंडी पडली की तो घरी जाण्याआधी रोलरच्या कोपऱ्यात पोती अंथरायचा. मोठा माळी म्हणायचा, "काय रे, रोलरला पडसं झालंय का?" सगळे हसायचे. क्लेमही हसायचा, आणि माझ्या खोलीत येऊन चहाचा कप हातात घेऊन नुसता बसायचा. एकदा असंच बसल्या बसल्या त्यानं मला सगळं सांगितलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग नेली छातीच्या दुखण्यानं पडली. जरा बरी झाल्यावर क्लेमला बोलावून म्हणाली, "माझी वेळ आली की मला त्याच्या शेजारी ठेव. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

क्लेम तसाच माझ्याकडे आला. मी म्हटलं, "तिलाही रोलरपाशीच ठेव. कुणाला कळणार आहे?"

"तेव्हा तिला विचारताही येणार नाही," तो म्हणाला. "मग तिलाही फसवू?"

तिच्या दारात तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. सोबत मी होतो, तो पळू नये म्हणून. त्यानं एका दमात सांगितलं. नेलीला आधी समजलंच नाही.

"क्रिकेटमध्ये?" ती म्हणाली. "माझा सेथ?"

"हो."

"म्हणजे मी इतकी वर्षं त्या खांबाला घरचं सांगत होते? आणि तू मागे झाडू मारत ऐकत होतास?"

क्लेम टोपीची कड चुरगळत राहिला.

"आणि तो तिकडे गारठत होता."

"मी पोती घालायचो, नेली."

तिनं दार लावून घेतलं.

त्या हिवाळ्यात ती एकाही सामन्याला आली नाही. क्लेम पहाटे तिच्या पायरीवरचा बर्फ काढायचा. ती बाहेर येऊन तीच पायरी पुन्हा झाडायची.

मे महिन्यात ती क्रिकेटच्या फाटकाशी आली. काखेत उशी, हातात थर्मास. जन्मात पहिल्यांदा.

"आपले कुठले?" तिनं मला विचारलं. "सगळेच पांढरे दिसतायत."

ती सरळ रोलरच्या कोपऱ्याजवळ जाऊन बसली. क्लेम लांब उभा. बऱ्याच वेळानं तिनं त्याला हात केला.

"हे संपणार कधी?"

"परवा."

"परवा! सेथ, ऐकलंस का?" ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली आणि हसता हसता तिला खोकला लागला. क्लेम पुढे झाला, पण तिनं हातानंच थांबवलं.

"हा रोलर जरा सरकवून घे," खोकला थांबल्यावर ती म्हणाली. "इथं दोघांना जागा कुठंय? आणि माळ्याला विचारून सरकव. चोरून नको आता."

"विचारतो."

तिनं पेस्ट्री मोडली आणि अर्धी रोलरच्या दांड्यावर ठेवली. क्लेम बघत होता.

"तुझ्यासाठी नाही ती," नेली म्हणाली.

संध्याकाळी ती गेली. फाटक बंद करायला मी आलो तेव्हा मैदानात कुणी नव्हतं. क्लेम टोपी हातात घेऊन रोलरपाशी उभा होता आणि दांड्यावरच्या अर्ध्या पेस्ट्रीवरची कबुतरं हाकलत होता.