सगळ्यांना दिलेली एकच यादी

चाकणच्या त्या कारखान्यात मोटारींच्या सीट बनायच्या. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने मला काही महिन्यांसाठी म्हणून तिकडे पाठवलं होतं. बसायला जागा दिली ती शॉप फ्लोअरच्या वर, पोटमाळ्यासारख्या एका काचेच्या केबिनमध्ये. काचा न उघडणाऱ्या होत्या. खाली सीट जोडायची लाइन चालायची, माणसं वाकायची, उभी राहायची, हसायची, पण आवाज काही वर पोचायचा नाही. सुरुवातीला मला ती शांतता आवडली होती. पुढे पुढे तिथे बसलं की छातीवर कुणीतरी हात ठेवून बसल्यासारखं वाटायला लागलं.

माझ्याकडे एक लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमचा असा एक तुकडा, जो दुसरे प्रोग्रॅम आपापल्या कामासाठी वापरतात. तिला सीटचा नंबर दिला की ती त्या सीटला लागणाऱ्या सामानाची यादी द्यायची: फोम, कव्हर, बकल, स्क्रू, क्लिपा. ही यादी मुख्य कॉम्प्युटरवरून काढायला वेळ लागतो. म्हणून माझ्याआधी कुणीतरी सोय करून ठेवली होती की एकदा काढलेली यादी मेमरीत जपून ठेवायची आणि तोच नंबर पुन्हा आला की तीच द्यायची. आम्ही त्याला कॅशे म्हणतो. सोय चांगली होती. तिच्यामुळे लाइन वेगात चालायची.

पण दुपारी कधीतरी एखाद्या सीटच्या यादीतून स्क्रू आणि क्लिपा नाहीशा व्हायच्या. लाइनवरच्या स्क्रीनवर फक्त मोठं सामान दिसायचं. जुने कामगार सवयीने क्लिपा लावून मोकळे व्हायचे. नवे मात्र स्क्रीनवर दिसेल तेवढंच लावायचे, आणि सीट तपासणीतून माघारी यायची. मग मला फोन. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचे. मेमरी पुसली जायची, ताजी यादी यायची, आणि क्लिपा परत जागेवर.

बंद-चालू करण्याचा हा अधिकार सुरक्षेच्या नियमांमुळे एकट्या माझ्याकडे होता, तोही केबिनमधल्या एकाच कॉम्प्युटरवरून. त्यामुळे मी कॅन्टीनला जाणं सोडलं. डबा टेबलावरच खायचे. बाथरूमला गेले तरी फोन हातात. शेवटची शिफ्ट सुटेपर्यंत थांबायला कुणी सांगितलं नव्हतं, पण निघाले की अर्ध्या वाटेवरून परत बोलवायचे, म्हणून मीच थांबायला लागले.

अशात लातूरला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी कारखान्यातल्या आयटीच्या साहेबांकडे रजा मागायला गेले.

"जा ना," साहेब म्हणाले. "पण रीस्टार्ट कोण करणार?"

"दुसऱ्या कुणाला परवानगी देता येईल का?"

"ती वरून यायला महिना जाईल. तुम्ही मूळ दुखणंच काढा की मॅडम. मग काय, खुशाल जा."

म्हणजे दुखणं काढलं तरच सुटका. मी लायब्ररी ओळ न् ओळ वाचायला घेतली, आणि एक गोष्ट लक्षात आली. ती जपून ठेवलेली यादी मागणाऱ्याच्या हातात द्यायची ती अस्सलच. प्रत नव्हे. घेणाऱ्याने त्यात काही खोडलं, तर ते मेमरीतल्या यादीतच खोडलं जाणार, आणि पुढच्याला तीच खोडलेली यादी मिळणार. कुणीतरी तसं करत होतं. पण ही लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅम ढीगभर, आणि ते लिहिणारे निम्मे लोक नोकऱ्या सोडून गेलेले. विचारायचं कुणाला?

शेवटी मी यादीलाच कुलूप लावायचं ठरवलं. वाचायची तेवढी वाचा, बदलायला गेलात तर प्रोग्रॅम तिथेच थांबेल आणि कुठल्या ओळीवर थांबला ते सांगेल. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, त्या दिवशी मुद्दाम जाऊन मी हा बदल बसवला.

शुक्रवारची सकाळ इतकी निवांत गेली की मी कितीतरी दिवसांनी कॅन्टीनमध्ये जाऊन जेवले. वर येऊन बसते तोच फोन वाजला. लेबल छापलं जात नव्हतं. तयार सीटवर लेबल लागल्याशिवाय ती गाडीत चढत नाही. बघता बघता सीटची रांग लागली आणि गेटवर ट्रक अडकून पडला. साहेब धापा टाकत जिना चढून आले.

"काय केलंत तुम्ही?"

"कोण बदलतंय ते सापडलंय, सर. मला फक्त थोडा वेळ..."

"आधी होतं तसं करा. आत्ता, माझ्यासमोर."

ते मागे उभे राहिले आणि मी माझ्याच हाताने कुलूप काढलं. या सगळ्यात वहिनीचे फोन येऊन गेले होते. आईचं ऑपरेशन त्याच दुपारी होतं. मी परत फोन लावला तोवर आईला खोलीत आणलं होतं. ती म्हणाली, "येशील की सवडीनं. डोळा काय पळून चाललाय व्हय?" मी हसले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खालच्या लाइनकडे बघत बसले.

कुलूप निघालं, पण प्रोग्रॅम कुठे थांबला ती ओळ माझ्यापाशी लिहून आली होती. लेबल छापणाऱ्या प्रोग्रॅममधला 'पुन्हा छापा' हा भाग. दुपारी गरमीने आणि धुळीने लेबलं पुसट यायची, मग लाइनवरची माणसं ती पुन्हा छापायची. म्हणून हा घोळ दुपारीच व्हायचा. आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस रोज कारखान्याच्या केबमध्ये माझ्या शेजारी बसायचा.

मी रावेतहून बसायचे, तो वाटेत मोशीला चढायचा. मोशीतल्याच जुन्या शेतकरी घरातला, माझ्याहून वयाने मोठा. मी त्याला दादा म्हणायचे. कंत्राटावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुळीच्या अलीकडे गाड्या नेहमीसारख्या ठप्प झाल्या. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसगाड्या. उतरून तरी जायचं कुठे? मी विषय काढला.

"दादा, पुन्हा छापताना तुम्ही यादीतून बारीक सामान काढता ना?"

"व्हय. लेबलवर क्लिपा कशाला पायजेत? त्या काढायच्या, नावं आखूड करायची, म्हंजी मावतंय. का वो?"

"तुम्ही काढता ते लाइनच्या स्क्रीनवरूनही जातं."

"आसं कसं? तुमी मला यादी दिली, मंग ती माझीच की."

"ती सगळ्यांची एकच आहे, दादा."

 बाहेर एक रिक्षावाला फुटपाथवरून गाडी काढायला बघत होता, त्याच्याकडे दादा बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "काल ट्रक अडाकला त्यो माझ्यामुळं म्हणा की."

"तसं मी म्हटलं नाही."

"साहेबास्नी सांगू नका, ताई. या महिन्यात माझं कंत्राट पुढं करायचं का न्हाई ते ठरणार हाय. तुमीच परतेकाला येगळी कापी द्या ना. मला कशाला हात लावायला लावताय?"

मी सांगणार नाही असं म्हणाले नाही, आणि सांगेन असंही म्हणाले नाही. गाडी हलली.  खरं सांगितलं तर माझी सुटका होती, आणि त्याचं काय होईल ते मला दिसत होतं.

मग त्याने सुचवलेलंच करून बघितलं. मागणाऱ्या प्रत्येकाला यादीची प्रत द्यायची. क्लिपा नाहीशा व्हायच्या थांबल्या. पण दुपारी लाइनच्या सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, स्क्रीनवर 'ब.डा.' काय भानगड आहे?" बकल, डावा. मी प्रत केली होती ती नुसत्या यादीची. यादीतल्या एकेका वस्तूची नोंद अजून सगळ्यांची सामायिकच होती, आणि दादाचा प्रोग्रॅम तिथे जाऊन नावं आखूड करत होता. मग मी आतल्या नोंदींसकट सगळ्याची प्रत द्यायला लागले. आता चूक होईना, पण स्क्रीन अडखळायला लागली. लाइनवरच्या माणसांना दोन्ही हात मोकळे ठेवून पुढच्या सीटची वाट बघावी लागायची. ज्या वेगासाठी यादी जपून ठेवली होती तो वेगच गेला. साहेबांनी तेही काढायला लावलं.

उरलं एकच. यादीला आतबाहेर पक्कं कुलूप, आणि ज्याला बदल करायचा आहे त्याने आधी स्वतःपुरती प्रत करून घ्यायची. म्हणजे दादाच्या हातात होतं सगळं.

"तुम्ही तुमच्या बाजूला आधी प्रत करा, मग तिच्यातून काय हवं ते काढा," मी केबमध्ये त्याला म्हणाले. "तुमचं आणि माझं एकाच दिवशी बसवू. कुणाला काही कळणार नाही."

 त्याने बॅगेतून लॅपटॉप काढून मांडीवर घेतला. कोंडी फुटायची चिन्हं नव्हती. "दावा, कुठं ल्ह्यायचं?" मी ओळ दाखवली. त्याने प्रत करून घेणारी ओळ लिहिली, वाचली, खोडली आणि पुन्हा लिहिली.  मी मुद्दाम खिडकीकडे बघायला लागले.

पुढच्या गुरुवारी तोही सुट्टी मोडून आला. आम्ही दोघांनी मिळून बदल बसवले, मुद्दाम लेबलं पुन्हा पुन्हा छापून बघितली. यादी होती तशीच राहिली. शुक्रवारी मी फोनकडे बघत बसले होते. लाइन चालली, लेबलं छापली गेली, ट्रक भरून गेला.

आठवडा असाच गेल्यावर साहेबांनी बोलावलं. "छान झालं. पण चूक नक्की कुणाची होती?"

मी म्हणाले, "लायब्ररीची. आपली अस्सल यादी ती उघडी कुणाच्याही हातात देत होती." हे खोटं नव्हतं. अर्धं होतं.

साहेबांनी मान हलवली. "म्हणजे लायब्ररीच कच्ची आहे म्हणा. मग तुम्हाला इथून हलवून चालणार नाही. मी तुमच्या ऑफिसला कळवतो, तुमची मुदत वाढवून घेतो."

मी रजा घेऊन लातूरला जाऊन आले. आई काळा चष्मा लावून अंगणात बसली होती, आणि मी वाळले आहे हे तिने त्या चष्म्यातूनही बघितलं. दोन दिवसांनी मी परत काचेच्या केबिनमध्ये.

मुदत वाढल्याचं दादाला केबमध्ये कळलं. तो म्हणाला, "मी सांगतो साहेबास्नी. माझ्यापायी तुमी कशाला आडकून पडायचं?" मी म्हणाले, "बघा तुम्हीच." त्याने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. काही दिवस मला त्याचा राग येत होता. तो चढला की मी फोनमध्ये डोकं घालायचे.

महिनाअखेरीस त्याचं कंत्राट पुढे झालं. तो पेढ्यांचा खोका घेऊन जिना चढून आला आणि पहिला माझ्यापुढे धरला. मी पेढा घेतला, अभिनंदन म्हणाले. मनापासून म्हणाले, याचं माझं मलाच जरा नवल वाटलं. तो घाईने खाली गेला. काचेतून मला तो दिसत होता, एकेकापुढे खोका धरत लाइनच्या कडेकडेने चाललेला.