दगड बुडाला, बाई
सगळे तिला टाचणबाई म्हणत. शिक्षिका व्हायचं शिक्षण चालू असताना वर्गातल्या मुलींनीच हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते कायमचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जुन्या मैत्रिणीचा फोन आला की पहिला शब्द तोच. तिला राग येत नाही. नाव खोटं थोडंच होतं?

त्या काळी वर्गात पाठ घ्यायचा म्हणजे आधी टाचण लिहायचं. वहीचे दोन रकाने. डावीकडे शिक्षिका काय बोलणार, उजवीकडे मुलं काय उत्तर देणार. म्हणजे पोरांनी तोंड उघडायच्या आत त्यांची उत्तरं लिहून मोकळं व्हायचं. बाकीच्या मुली उजवा रकाना कसाबसा उरकायच्या. ही मात्र स्वल्पविरामासकट भरायची. मग वर्गात एखादं पोर भलतंच काही बोललं की हिची बोबडी वळलीच.

"जरा सैल सोड गं," मार्गदर्शक बाई सांगून सांगून थकल्या. "मुलं काय तुझी वही वाचून येतात?"

ही मान डोलवायची आणि होस्टेलवर जाऊन आणखी बारीक अक्षरात लिहायची.

शेवटचा पाठ परीक्षकांसमोर होता. त्यात नापास म्हणजे सगळंच संपलं, कारण वडिलांनी बजावलं होतं, "एकदाच पाठवतोय. नाही जमलं तर गुपचूप घरी यायचं आणि काकूच्या हाताखाली शिवणकामाला बसायचं." शिवणकामाला ती नावं ठेवत नव्हती. पण लहानपणापासून तिला फळ्यासमोर उभं राहायचं होतं, दुसरं काही सुचलंच नव्हतं.

म्हणून तिनं शिकाऊ शिक्षिकेलाच सुचेल असा उद्योग केला. पाठ होता पाण्यात काय बुडतं आणि काय तरंगतं याचा. दोन दिवस आधी मधल्या सुट्टीत तिनं पाचवीच्या मुलांना गोळा केलं आणि उत्तरं घोकून घेतली.

"लाकूड?"

"लाकूड तरंगलं, बाई."

"दगड?"

"दगड बुडाला, बाई."

"शाब्बास. माझी परीक्षा आहे हं, मला तोंडघशी पाडू नका."

पाठाच्या दिवशी सकाळी दगड गायब. होस्टेलमधल्या कुणीतरी तो दाराला लावायला नेला होता. घाईघाईत तिनं न्हाणीघरातला पाय घासायचा दगड उचलला आणि पिशवीत टाकला. शेवटी दगड तो दगड.

परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. खिळा बुडाला, लाकूड तरंगलं, सगळं वहीबरहुकूम. मग तिनं काचेच्या भांड्यात दगड सोडला आणि वहीत बघतच विचारलं, "दगडाचं काय झालं?"

"दगड बुडाला, बाई," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

तिनं मान वर केली. दगड पाण्यावर मजेत तरंगत होता.

चाळीस पोरं डोळ्यांनी एक बघत होती आणि तोंडानं दुसरंच म्हणत होती, आणि हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. पुढचा प्रश्न वहीत तयार होता. तिनं वही मिटली.

"नीट बघा," ती म्हणाली. "मी घोकून घेतलं ते विसरा, ती माझी चूक. दिसतंय ते सांगा."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मग कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "तरंगतोय." त्यानंतर काय विचारता. दगड हातोहात फिरला. कुणाला तो हलका लागला, कुणाला त्याची भोकं दिसली, आत हवा असेल असं एकजण म्हणाला. "बाई, याला साबणाचा वास येतोय," दुसऱ्यानं जाहीर केलं, तेव्हा परीक्षकसुद्धा हसले. टाचणातले पाच प्रश्न तसेच राहिले आणि घंटा झाली.

ती काठावर पास झाली. पुढची चौतीस वर्षं तिच्या टाचणाचा उजवा रकाना कोरा असायचा आणि दर नवा मुख्याध्यापक त्यावरून कुरकुर करायचा.

पण फोनवर त्या दिवसाचा विषय निघाला की ती सांगते ती वेगळीच गोष्ट. वर्गातून निघताना तिनं पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला विचारलं होतं, "तरंगताना दिसत होता ना तुला? मग बुडाला का म्हणालीस?"

"दिसत होता की," ती पोरगी वेणीचं टोक चावत म्हणाली. "पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही नापास झाल्या असत्या ना, बाई."