स्पायरलमधल्या कथा

नातीच्या क्लासच्या नोट्स चाळताना स्पायरलची तार बोटाला टोचली आणि माझं पहिलं पुस्तक आठवलं. भूकंपावरच्या कथा, पदरच्या पैशानं नांदेडला छापलेल्या. बाइंडर रशीदभाईंनी सगळ्या प्रती स्पायरल करून ठेवल्या होत्या.

"लातूरचा माल म्हटल्यावर नोट्सच समजलो, सर!"

दुकानदारांनी त्या ठेवून घेतल्या नाहीत. मग मीच गावोगाव वाटत फिरलो. पुनर्वसनातल्या एका घरी पुन्हा गेलो, तर मावशी भाकरी थापता थापता वाचत होत्या. पुस्तक परातीशेजारी पसरलेलं.

"बरं बांधलंय, भाऊ. उघडंच राहतंय, पिठाचा हात लावावा लागंना."

कथा सोडून बांधणीचं कौतुक! मी खट्टू झालो होतो.

पुढची पुस्तकं मी पक्क्या बांधणीत काढली. ती माझ्याच कपाटात उभी आहेत, मिटलेली.