निम्म्या गोळ्या

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमधले एक काका एकटे काही खातच नाहीत. बिस्कीटसुद्धा मोडून अर्धं समोरच्याला देतात. त्यांच्या हृदयाचे स्नायू कमजोर झालेत. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात त्यावर पोषक गोळ्यांची चाचणी चाललीय. निम्म्या पेशंटना खऱ्या गोळ्या देतात, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या. कुणाला कुठल्या, ते कुणालाच सांगत नाहीत. काकांनी तिथे भेटणाऱ्या टिटवाळ्याच्या एका पेशंटबरोबर निम्म्या गोळ्या बदलून घेतल्या.

"काका, अशाने चाचणीच बिघडेल."

"अरे, निम्म्यांना खऱ्या म्हणजे आम्हा दोघांत एकाच्या खऱ्या असणारच. मग दोघांनी थोडं थोडं बरं व्हावं."

दोघांच्याही खोट्या असू शकतात, हे मी सांगणारच होतो. तेवढ्यात त्यांनी अर्धं बिस्कीट माझ्या हातावर ठेवलं.