पडून असलेला टोल

श्री. अतीक हमीद मुलाणी, वय अठ्ठेचाळीस, राहणार भुकूमच्या पुढे रस्ता सोडून आत असलेली वाडी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. व्यवसाय नोकरी, हुद्दा भांडारपाल, लवळ्याच्या डोंगरावरील एक वसतिगृह. धाकटी कन्या अलमास इयत्ता चौथीत शिकत असल्याने वाडीच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचे उपाध्यक्ष. शरीरावरील खुणा: उजव्या मनगटावर ठिणग्यांचे डाग. छंद: लोहारकाम. वर्तणूक चांगली. सदर इसमाविरुद्ध कोणतीही तक्रार नोंदलेली नाही.

वरीलपैकी एकही शब्द खोटा नाही.

भांडारपाल म्हणून अतीक कडक आहे. सही केल्याशिवाय त्याच्याकडून नळाचा वॉशरसुद्धा सुटत नाही. एकदा खुद्द रेक्टरांना त्यानं नव्या बल्बसाठी जुना बल्ब जमा करायला लावला होता, ही गोष्ट मेसमध्ये अजून सांगतात. घरी मात्र त्याचा नियम निराळा. जी वस्तू पडून आहे ती कुणाचीच नाही, आणि जी कुणाचीच नाही ती उचलायला सही लागत नाही.

लोहारकामाचं वेड त्याला मोबाइलमधून लागलं. कुठल्यातरी थंड देशातला दाढीवाला गृहस्थ लाल पातं ठोकतोय आणि अतीक ताटातली भाजी गार करत बघतोय, असं बरेच दिवस चाललं. घरात लोहारकी कुणी केलेली नव्हती. मुलाण्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या सुरी होती, पण ती दुसऱ्यानं घडवून दिलेली.

मागचा गोठा म्हैस विकल्यापासून रिकामा होता. तिथं त्यानं भट्टी मांडली. भट्टीसाठी ट्रकचा ब्रेक-ड्रम मिळाला. तो पौड रस्त्यावरच्या एका गॅरेजबाहेर पडून होता. खाली पाय म्हणून मोडक्या खुर्चीचा सांगाडा, तोही पडून. भात्याच्या जागी त्यानं पाइपच्या तुकड्याला हुमाचा केस वाळवायचा ड्रायर जोडला. हुमा म्हणजे त्याची बायको. तिला हे दुसऱ्या दिवशी केस धुतल्यावर कळलं.

"पडून होता कपाटात," अतीक म्हणाला.

"पडून नव्हता. ठेवलेला होता," हुमा म्हणाली आणि ओले केस घेऊन उन्हात गेली.

ह्या दोन शब्दांतला फरक अतीकला तेव्हा निव्वळ व्याकरणाचा वाटला.

राहिली ऐरण. सुरुवातीला त्यानं आंब्याच्या ओंडक्यात घणाचं डोकं उलटं ठोकून बसवलं. त्यावर तापलेली सळई नीट टेकायची नाही. भिंतीला टांगायला म्हणून त्यानं जो पहिला आकडा घडवला, तो आधी स्वतःच खाली पडला. पुण्याला जुन्या बाजारात जाऊन त्यानं खरी ऐरण पाहिली. विकणारा तिच्याबद्दल असं बोलला, की अतीकनं तिला नुसता हात लावून परत येणं पसंत केलं.

आता शाळेकडे वळायला हवं. वाडीच्या शाळेला पहिल्यापासून घंटा नव्हती, टोल होता. टोल म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला, आणि तो बडवायला एक जाड बोल्ट. मुळशीत रेल्वे नाही, त्यामुळे रूळ आला कुठून ह्याबद्दल वाडीत मतभेद आहेत. टोल मारायचं काम शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तुळजाबाईंकडे होतं. नेमून दिलेलं नव्हतं. चूल आणि टोल जवळजवळ होते, एवढंच.

मग कुठल्याशा कंपनीच्या निधीतून शाळेला विजेची घंटा आली. नारळ फुटला, फोटो निघाले आणि टोल खाली उतरला. पुढे एका रविवारी अतीक उपाध्यक्ष ह्या नात्यानं पाण्याच्या टाकीची गळती बघायला गेला, तेव्हा टोल खिचडीच्या शेडमागे भिंतीला टेकून होता. वर गोणपाट. आवारात चिटपाखरू नव्हतं. मुख्याध्यापक सरांना फोन करावा असं त्याच्या मनात आलं. पण सर हो म्हणाले असते तर ठराव करावा लागला असता, आणि ठरावासाठी सगळ्या समितीला दाढीवाल्या गृहस्थापासून सांगावं लागलं असतं. अतीकनं रूळ स्कूटरवर पायांमध्ये घेतला. निघण्याआधी गोणपाटाची नीट घडी करून जागेवर ठेवली. चोरी करणारा माणूस घडी घालत बसत नाही, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होता. पडलेल्या वस्तूवर कुणी गोणपाटही घालत नाही, हे त्याला सुचायचं, पण नंतर.

ऐरण झकास झाली. एका टोकाला ग्राइंडर लावून त्यानं निमुळती चोच काढली. लोखंड गोल वळवायला ती लागते. ओंडक्यावर बसवून पहिला घाव घातला, आणि समोरच्या बांधावर गवत कापणाऱ्या बायका भारे बांधू लागल्या. शाळा सुटली असं त्यांना वाटलं. अतीकनं त्याच संध्याकाळी रुळाला साखळी गुंडाळली आणि बुडाशी वाळू भरली. अशानं ऐरणीचा आवाज बसतो, हे दाढीवाल्यानंच सांगितलं होतं. दाढीवाल्याचं कारण शेजाऱ्यांची झोप हे होतं.

पावसाळ्यात वीज जायला लागली. वीज गेली की नवी घंटा मुकी. सरांनी तुळजाबाईंना टोल काढायला सांगितला, तेव्हा शेडमागे गोणपाटाची घडी सापडली.

तुळजाबाईंचा नवरा भिकू हातगाड्यावर भंगार गोळा करतो. वाडीला एवढा पुरावा पुरला. गाडा चहाच्या टपरीवरून गेला की कुणीतरी म्हणायचं, "टोलनाका आला रं, सुट्टं काढा." पहिल्यांदा भिकूनं शिव्या दिल्या. मग तो बोलेनासा झाला, आणि न बोलणारा माणूस कबूल झालेला असतो असं टपरीचं मत पडलं. त्याचं नाव टोल्या झालं.

समितीची बैठक भरली. मुख्याध्यापक ऋषिकेश सर वर्तमानपत्र वाचणारे. ते म्हणाले, टोलाचा प्रश्न आता ऐरणीवर आलेला आहे. अतीकला ठसका लागला. त्याला पाणी देण्यात आलं. अध्यक्ष विश्रामशेठ, म्हणजे जमीन विकून उरलेल्या तुकड्यावर विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधणारे, म्हणाले की ज्या घरात शाळेचं सामान विकून खातात, त्या घरच्या बाईच्या हातची खिचडी मुलांनी का खावी. बाई बदला. सरांनी सुचवलं की आधी रीतसर चौकशी व्हावी. चौकशी अतीकभाईंनी करावी, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं, कारण त्यांना लोखंडातलं कळतं. अतीकनं मान हलवली. ती नकारार्थी हलवली होती, असं त्यानं घरी येताना ठरवून पाहिलं.

चौकशीच्या काळात अतीकनं वाडीतल्या निम्म्या खुरप्या-विळ्यांना फुकट धार लावून दिली. भिकूनं मागितली नसताना त्याच्या गाड्याला नवी कडी घडवून बसवली. कडी भक्कम झाली. ती टोलावरच घडवली होती.

नाव झालं तशी गिऱ्हाइकं वाढली, आणि एका दुपारी स्वतः तुळजाबाई आल्या. खिचडीच्या मोठ्या उलथण्याची दांडी निखळली होती. अतीक म्हणाला, ठेवून जा, उद्या देतो. त्या म्हणाल्या, उद्या पोरांची खिचडी काय हातानं ढवळू? आणि उकिडव्या बसल्या. मग त्याला भट्टी पेटवावी लागली.

टोल साखळीत जखडलेला होता, वाळूत रोवलेला होता, अंगाला चोच फुटलेली होती. तुळजाबाईंनी चार-पाच घाव ऐकले. उठल्या, साखळी बाजूला सारली, अतीकच्या हातातला हातोडा घेतला आणि रुळावर दोन टोल मारले. मधल्या सुट्टीचे दोन असतात.

"ह्यो हितं हाय व्हय," त्या म्हणाल्या.

अतीक म्हणाला, तो पडून होता.

"पडून न्हवता. म्या ठिवला हुता. लाइट जाती, मला ठावं हाय. गोणपाट काय त्याला थंडी वाजती म्हणून घातलं व्हतं?"

आता ही बाई तडक सरांकडे जाणार, असं अतीकला वाटलं, आणि त्यात थोडी सुटकाही वाटली. पण त्या पुन्हा खाली बसल्या.

"म्या ह्यांना भंडारा उचलाया सांगितला," त्या म्हणाल्या. "देवापुढं. म्हनलं, टोल न्हाई नेला म्हणून भंडारा उचला. न्हाई उचलला. ह्येच म्हनले, बायकूपुढं शपथ घ्यायची येळ आली, तर मग म्याच नेला असं समज. म्या समजले. तवापासनं ताट वाढती, पर बोलत न्हाई."

खंडोबाचा भंडारा हातात घेऊन ह्या भागात कुणी खोटं बोलत नाही. म्हणून जो उचलत नाही त्याचा हिशेब लोक परस्पर करून टाकतात. अतीककडे कुणी कसलीच शपथ मागितली नव्हती. उपाध्यक्षांकडे मागत नसतात.

टोल उद्याच शाळेत पोचवतो, असं तो म्हणाला. तुळजाबाईंनी उलथणं उचललं. "टोलाचं ऱ्हाऊ द्या. आदी त्यांना जाऊन सांगा."

भिकू दारात बाटल्या निवडत होता. अतीकनं उभ्यानंच सगळं सांगितलं, क्रमवार, अहवाल वाचावा तसं. भिकूनं हात थांबवला नाही.

"मला काय सांगताय," तो म्हणाला. "म्या न्हाई नेला, ह्ये मला ठावंच हुतं."

आणखी एक बाटली पोत्यात टाकून भिकू म्हणाला, "आमीबी पडल्यालंच उचलतो, अतीकभाई. पर दारात हुबं ऱ्हाऊन इचारतो. आता चार लोकांत सांगा."

पुढच्या बैठकीला अतीक रूळ स्कूटरवर घालून गेला आणि टेबलाच्या पायाशी ठेवला. मग त्यानं चार लोकांत सांगितलं. "टोल मी नेला होता. भिकूचा काही संबंध नाही."

विश्रामशेठनी आधी टोलाकडे पाहिलं, मग अतीककडे.

"अतीकभाई, तुमचं मन लई मोठं हाय," ते म्हणाले. "पर एका भंगारवाल्याची बाजू राखाया सोताच्या अंगावर घ्यायचं, म्हंजी लईच झालं."

अतीकनं पुन्हा सांगितलं. चोच दाखवली, ग्राइंडरच्या खुणा दाखवल्या, मनगटावरचे डाग दाखवले. पुरावा वाढत गेला तसतसे ऋषिकेश सर गहिवरत गेले. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं ते म्हणाले. भिकूनं रूळ कुठंतरी कापायला दिला असणार आणि अतीकभाईंनी पदरमोड करून सोडवून आणला असणार, हे विश्रामशेठना एव्हाना पाहिल्यासारखं दिसत होतं. चहा घेऊन आलेल्या तुळजाबाई दारातच थांबल्या.

"खरं बोलत्यात त्ये," त्या म्हणाल्या.

"तू तर म्हणणारच की, बाई," विश्रामशेठ म्हणाले.

तिसऱ्यांदा सांगायला अतीकनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्यापुढे चहाचा कप आला आणि त्यानं तो घेतला. त्या घोटाबरोबर त्याला हलकं वाटलं. टोल नेल्याचं त्याला वाईट वाटतं, गप्प राहिल्याचं जास्त वाटतं. पण त्या हलकं वाटण्याबद्दल तो अजून हुमाशीसुद्धा बोललेला नाही.

टपरीवरही त्यानं आपणहून सांगून पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं. असा उपाध्यक्ष पाहिजे, म्हणाले.

तुळजाबाईंचं काम टिकलं. त्यांच्या घरात बोलणं सुरू झालं आहे, असं हुमा सांगते. अतीक पुन्हा घणाच्या उलट्या डोक्यावर ठोकतो. ड्रायर त्यानं पुसून कपाटात ठेवला. तो आता चालत नाही. टोल पुन्हा कडुनिंबाला टांगला आहे. त्याचा आवाज थोडा चिरका झालाय, आणि चोचीमुळे मुलं त्याला पोपट म्हणतात.

बैठकीच्या इतिवृत्तातली नोंद अशी: सदर वस्तू शाळेच्या आवारातच आढळून आली. वस्तूच्या एका टोकास नैसर्गिक झीज झालेली दिसते. सबब याप्रकरणी कोणासही दोषी धरण्यात येत नाही व कोणाच्याही नावास बाध येत नाही. निःपक्षपाती चौकशीबद्दल श्री. अ. ह. मुलाणी यांचे समिती आभार मानत आहे.

भिकूला वाडीत टोल्या म्हणतात.